नेट चालू, फोन बंद : दूरसंचार नियामकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली



सांगली आणि सातारा जिल्ह्यांत दवाखाने, दुकाने, शाळा, लॉज आणि घरे यांच्या फोनची व नेटची कामे करणे हा माझा व्यवसाय आहे. तांब्याच्या तारेवरचा फोन या भागातून झपाट्याने चालला आहे. ०२३३ चा किंवा ०२१६२ चा जुना नंबर तोच राहतो, पण तो आता फायबरच्या डब्यातून, इंटरनेटच्या पद्धतीने बोलतो. या बदलाला माझा विरोध नाही. आवाज स्वच्छ येतो, पावसाळ्यातली खरखर गेली, एका केबलवर घरातल्या सगळ्यांचे काम भागते. पण या फोनला एक नवा आजार जडला आहे आणि त्याची दाद कुठे मागायची, ते ग्राहकाला समजत नाही. नेट व्यवस्थित चालू असते, डब्यावरचे दिवे हिरवे असतात, आणि फोन मात्र बंद असतो. त्याची नोंदणी गेलेली असते.

तक्रार केंद्राला फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘सर, आपलं इंटरनेट चालू आहे का?’ माणूस खरे ते सांगतो, ‘हो, चालू आहे.’ थोड्या वेळाने मोबाइलवर संदेश येतो, की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. फोन बंदच असतो. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच संदेश. हे भिजत घोंगडे मी घरोघरी पाहतो आहे.

एकेका ग्राहकाची तक्रार सोडवणे हे आपले काम नाही, ते कंपनीच्या तक्रार केंद्राचे आणि त्यावरच्या अपील प्राधिकाऱ्याचे आहे, याची मला कल्पना आहे. म्हणून या पत्रात मी कुठल्याही कंपनीविरुद्ध नावानिशी तक्रार करत नाही. नियम करणे आपल्या हातात आहे, आणि मला नियमाबद्दलच बोलायचे आहे.

आधी हा आजार काय आहे ते सांगतो. आपल्या तज्ज्ञांना हे ठाऊकच आहे, पण हे पत्र खुले आहे आणि ज्यांचा फोन बंद पडतो त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

तांब्याच्या फोनला स्वतःची ओळख सांगावी लागत नसे. एक्स्चेंजमधून निघालेली तारांची जोडी खांबावरून थेट घरातल्या फोनपर्यंत यायची आणि त्या जोडीच्या टोकाला जो फोन असेल तो तुमचा. फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीजही एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच तारेतून यायची. गावाची लाईट गेली तरी रिसीव्हर उचलला की डायलटोन असायचा.

इंटरनेटवरच्या फोनला असे बांधलेले ठिकाण नसते. फिरस्ता माणूस दर मुक्कामाचा पत्ता टपाल कचेरीत कळवत राहतो, तसे या फोनला ‘मी आत्ता इथे आहे’ असे कंपनीच्या सर्व्हरला पुन्हा पुन्हा कळवावे लागते. यालाच नोंदणी म्हणतात. तिची पद्धत इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या दस्तऐवजात लिहून ठेवली आहे. ‘सिप’ म्हणतात ते हेच. फोन पहिल्यांदा हाक देतो, सर्व्हर ४०१ असे उत्तर देतो. ते नकारासारखे दिसते, पण त्याचा अर्थ ‘आधी ओळख पटव’ एवढाच. मग फोन पासवर्ड उघड न पाठवता त्यावरून काढलेला आकडा पाठवतो, तो जुळला की २०० येते. सोबत मुदत येते. पुष्कळ फोनांत ती ३६०० सेकंदांची, म्हणजे तासाभराची असते. मुदत संपायच्या आत फोनने पुन्हा हाक द्यायची. ती हाक पोचली नाही, तर सर्व्हरच्या वहीतून तुमचा पत्ता पुसला जातो आणि बाहेरून आलेला कॉल कुठे द्यायचा हे कुणालाच ठाऊक नसते.

ही साखळी तुटते कुठे? दोन जागा मी जवळून पाहिल्या आहेत, त्या सांगतो.

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभारले तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. अथणी, चिकोडी, विजापूरकडून पेशंट येतात आणि त्यांच्या हातातल्या केसपेपरवर ०२३३ चा नंबर छापलेला असतो. तिथल्या एका प्रसूतिगृहाचा फोन बाहेर लागायचा, पण बाहेरून येणारा कॉल कधी यायचा, कधी नाही. काउंटरवरच्या ताईंनी स्वतःच एक उपाय शोधून काढला होता. दर थोड्या वेळाने त्या लँडलाइनवरून स्वतःच्या मोबाइलला मिस्ड कॉल द्यायच्या. ‘असं केलं की पुढं थोडा वेळ फोन येत्यात सर, न्हाई केलं की बंद पडतंय,’ असे त्यांनी मला सांगितले. रात्रपाळीच्या नर्सलाही त्यांनी हे शिकवून ठेवले होते. कंपनीकडून आलेल्या माणसाने त्यांचे बोलणे कानाआड केले होते. त्या ताईंचे निरीक्षण मात्र अगदी अचूक होते, आणि मला दुखणे सापडले ते त्यांच्यामुळेच.

फोनचे आतले, म्हणजे सेटिंगचे, पान उघडले तर तिथे ‘रजिस्टर्ड’ असे लिहिलेले. कंपनीच्या सर्व्हरवरही नोंद होती. दोन्ही टोकांच्या नोंदी खऱ्या होत्या आणि मधली वाट बुजलेली होती. घरातला राउटर आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संभाषणासाठी एक तात्पुरती वाट उघडतो, आणि तिच्यावर काही काळ येजा झाली नाही की ती बंद करतो. यूडीपी प्रकारच्या (या फोनचे संदेश बहुधा याच प्रकारे जातात) वाटेसाठी आयईटीएफने २००७ मध्येच आरएफसी ४७८७ मध्ये सांगून ठेवले आहे, की ती दोन मिनिटांच्या आत बंद होता कामा नये, आणि पाच मिनिटे किंवा त्याहून जास्त ठेवावी हे उत्तम. बाजारातले अनेक स्वस्त राउटर एवढी वाट पाहत नाहीत. नोंदणीची मुदत तासाची आणि वाट मिनिटभरात बंद. मग मधला सगळा वेळ फोन आपण जिवंत आहोत असे समजत बसलेला असतो आणि बाहेरचा माणूस नंबर फिरवून थकतो. ताईंनी मिस्ड कॉल दिला की वाट पुन्हा उघडायची. म्हणून त्यानंतर थोडा वेळ फोन यायचे.

उपाय किरकोळ होता. दर पंचवीस-तीस सेकंदांनी सर्व्हरकडे एक रिकामे पॅकेट पाठवत राहण्याची सोय बहुतेक फोनांत असते, ती चालू केली. राउटरमधले ‘सिप एएलजी’ बंद केले. हे एएलजी मदतीसाठीच बनवलेले आहे. फोनच्या संदेशातले पत्ते ते मधल्या मध्ये बदलते, पण पुष्कळदा चुकीचे बदलते आणि सर्व्हरचे उत्तर भलतीकडेच जाते. या दोन गोष्टी केल्यावर ताईंचा मिस्ड कॉल थांबला. डबा बसवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी त्या करून दिल्या असत्या, तर प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईच्या घरच्यांना नंबर लागत नाही म्हणून घाबरावे लागले नसते.

साताऱ्यातला प्रकार वेगळा. भवानी पेठेतले एक घाऊक दुकान. संध्याकाळी लाईट गेली, परत आली, नेट आले, फोन काही आला नाही. कंपनीकडून उत्तर मिळाले, तुमचा पासवर्ड चुकतोय. तोच नंबर आणि तोच पासवर्ड मी माझ्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये टाकला, मोबाइलच्या डेटावर लावून पाहिला, आणि क्षणात नोंदणी झाली. ही परीक्षा कुणालाही करता येण्याजोगी आहे आणि तिने निम्मे कोडे सुटते. पासवर्ड बरोबर, सर्व्हर चालू, म्हणजे अडथळा दुकानाच्या नेटच्या वाटेवर. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला, तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर अपुरे पडू लागले, तेव्हा २०१२ मध्ये हा पट्टा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत अनेक घरे आणि दुकाने मिळून एकच खरा पत्ता वापरतात. त्यांतल्या कुणा एकाच्या फोनने चुकीचा पासवर्ड वारंवार पाठवला, की फोन कंपनीचा सर्व्हर त्याला हल्ला समजतो आणि तो पत्ताच अडवतो. चूक एकाची, शिक्षा सगळ्या पेठेला. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर वरच्या इंजिनिअरने अडवलेल्या पत्त्यांची यादी उघडली, तेव्हा आमचा पत्ता त्यात सापडला.

अशी अडवणूक मुळातच करू नये असे मी म्हणणार नाही. इंटरनेट फोनचे पासवर्ड फोडून त्यावरून परदेशी कॉल करणाऱ्या टोळ्या खरोखर आहेत आणि बिल गरीब दुकानदाराच्या माथी येते. पण पत्ता अडवला आहे हे सर्व्हरला माहीत असते. ते ग्राहकाला आणि तक्रार केंद्रातल्या मुलीला का सांगितले जात नाही? तिच्यासमोरच्या पडद्यावर ती ओळ असती, तर तिने ‘पासवर्ड चुकतोय’ असे सांगितलेच नसते.

या दोन्ही ठिकाणी मला निदान आत डोकावता आले. घरगुती फायबरच्या फोनमध्ये तेवढेही जमत नाही. तिथे फोनची सोय ओएनटी म्हणजे फायबरच्या डब्यातच असते. नेट आणि आवाज एकाच काचेच्या तंतूतून येतात, पण आतून त्यांच्या वाटा वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे एक चालू आणि दुसरी बंद हे सहज घडते. वीज पडून डबा जळाला, नवा बसवला, त्यात नेटची सेटिंग भरली गेली आणि आवाजाची राहून गेली, हा प्रकार पावसाळ्यात नित्याचा आहे. फोनचा युजर आयडी आणि पासवर्ड कंपनीच्या ताब्यात, आतले पान कुलूपबंद. उत्तर ४०३ येते आहे, म्हणजे सर्व्हर नाकारतो आहे, की ४०८ दिसते आहे, म्हणजे उत्तरच येत नाही, की ५०३ येते आहे, म्हणजे सर्व्हरवरच ताण आहे, हे कळले तर दुखणे कुठे आहे ते कुठलाही तंत्रज्ञ पाच मिनिटांत सांगेल. तो आकडा डब्यात असतो. पाहायला मिळत नाही. फायबर बसवणारा गावातला मुलगा, जो बहुधा जुना केबलवाला असतो, त्याच्याकडेही ते अधिकार नसतात. लोक शिव्या त्याला घालतात, आणि तो बिचारा डबा बंद करून चालू करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

पूर्वी लाइनमनला आपल्या भागातली जोडी न जोडी पाठ असायची. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. खर्चाच्या हिशेबात ते बरोबर असेल, मला त्या वादात शिरायचे नाही. पण तांब्याचे ज्ञान गेले आणि सिपचे ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत अजून पोचले नाही, अशा सांध्यावर आज आमचा ग्राहक उभा आहे.

मोबाइल असताना लँडलाइन हवीच कशाला, असे दिल्लीत वाटू शकेल. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत पांगली आहेत. माण-खटावची घरे निम्मी मुंबईत असतात. गावात म्हातारे आईवडील असतात. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणे त्यांना जमत नाही, घंटा वाजली की रिसीव्हर उचलणे जमते. कोइमतूरहून मुलगा फोन लावतो, संपर्क होऊ शकत नाही असे ऐकतो, पुन्हा लावतो, शेवटी शेजाऱ्याला उठवतो. शेजारी धावत जाऊन बघतो, तर आई टीव्हीसमोर मालिका बघत बसलेली. टीव्ही त्याच फायबरवर चालतो आहे, फोन गेला आहे आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा, तासगावात बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या जुन्या पेढ्यांचे नंबर तर परराज्यातल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षे लिहिलेले आहेत. तो नंबर लागला नाही, की समोरचा दुसऱ्या पेढीला फोन लावतो.

आणि १०८. नोंदणी गेलेल्या फोनवरून ॲम्ब्युलन्सही बोलावता येत नाही. काही डब्यांत डायलटोन डबा स्वतःच वाजवतो, त्यामुळे रिसीव्हर कानाला लावून फोन ठीक आहे असे वाटते. खरे काय ते नंबर फिरवल्यावरच कळते. रात्री दोनला छातीत कळ आल्यावर हे कळून काय उपयोग?

विजेचा प्रश्न याला जोडूनच येतो. फायबरमधून वीज येत नाही, म्हणून घरची लाईट गेली की डबा बंद, फोन बंद. लाईट आली की सगळ्या गावाचे डबे एकाच वेळी जागे होतात आणि एकाच वेळी सर्व्हरला हाक देतात. सर्व्हर काहींना ‘थांबा, नंतर या’ असे ५०३ चे उत्तर देतो. शहाणा डबा थोडे थांबून, दर वेळी वेगळ्या अंतराने पुन्हा प्रयत्न करतो. हे कसे करायचे तेही आरएफसी ५६२६ मध्ये २००९ सालीच लिहिलेले आहे. स्वस्त डबा काही वेळा प्रयत्न करून गप्प बसतो आणि कुणी बटण बंद-चालू करेपर्यंत तसाच राहतो. ग्राहक म्हणतो, लाईट गेल्यापासून फोन बिघडला. त्याचे म्हणणे बरोबर असते.

१९८६ मध्ये सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने खेड्यांसाठी बनवलेले १२८ पोर्टचे छोटे एक्स्चेंज आमच्यापासून फार लांब नसलेल्या, कर्नाटकातल्या कित्तूरला बसवले गेले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उकाड्यात ते चालावे, असा विचार करून त्याची रचना केली होती. गावाची परिस्थिती ध्यानात घेऊन यंत्र बनवण्याची ती दृष्टी आपल्याच देशातली आहे. आजचा घरातला डबा निवडताना ती कुठे दिसत नाही.

पुराचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, आणि त्याच आठवड्यात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा वेळी वीज तोडावीच लागते, मोबाइलचे टॉवर डिझेल संपले की बंद पडतात. पाण्याखाली गेलेला तांब्याचा फोनही चालत नव्हता, हे मान्य. पण पाणी न पोचलेल्या वाड्या-वस्त्यांवर, फक्त वीज गेली म्हणून फोन बंद पडायचे कारण नव्हते. डब्यासोबत काही तास पुरणारी छोटी बॅटरी मिळाली तर तेवढी अडचण सुटते. आज ती ग्राहकाने स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पैशाने आणायची.

इंटरनेट टेलिफोनी आपल्याकडे एप्रिल २००२ मध्ये मर्यादित रूपात खुली झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या प्राधिकरणाने तिच्याविषयी शिफारशी केल्या, जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटी त्यानुसार बदलल्या आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही ॲपवरची फोनसेवा जाहीर केली. या फोनचा देशातला रस्ता आपल्याच शिफारशींनी मोकळा झाला. आता त्याचे दुखणे ओळखणारा नियमही आपल्याकडूनच यावा. २ ऑगस्ट २०२४ ला आपण सेवेच्या दर्जाचे नवे विनियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. बिघाड आणि त्याची दुरुस्ती यांचा विचार त्यात आहेच. माझी मागणी त्याच्याच पुढची आहे.

पहिले, नोंदणी जाणे हा आवाजसेवेचा बिघाड आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. नेट चालू असल्याच्या कारणावरून फोनची तक्रार बंद करता येऊ नये. तक्रार बंद करण्याआधी कंपनीने त्या नंबरवर बाहेरून फोन करावा आणि तो घरात उचलला गेला पाहिजे. ही एवढी एक अट आली तरी खोटे निराकरण निम्म्याने कमी होईल, असे माझे मत आहे. दुरुस्तीची मुदत आणि भाड्यातली सूट हे फोनसाठी वेगळे मोजावे, नेटमध्ये मिसळू नये.

दुसरे, नोंदणीची मुदत संपूनही हाक आली नाही हे सर्व्हरला आपोआप कळते. त्यासाठी कुठलेही नवे यंत्र लागत नाही. मग पंधरा-वीस मिनिटे नोंदणी नसली, तर ग्राहकाच्या मोबाइलवर मराठीत संदेश का जाऊ नये? विट्याच्या आईला तो वाचता येणार नाही, पण कोइमतूरच्या मुलाचा नंबर जोडून ठेवता येईल. तोच नंबर येणारे कॉल वळवण्यासाठीही वापरता येतो. फोन लॉग-इन नसताना, म्हणजे नोंदणी नसताना, कॉल दुसरीकडे वळवण्याची सुविधा ३जीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकात आधीपासून आहे. ती प्रत्येक ग्राहकाला, त्याची संमती घेऊन, मोफत सुरू करून द्यावी.

तिसरे, नोंदणी शेवटची कधी झाली आणि ती कोणत्या कारणाने नाकारली गेली, हे ग्राहकाला स्वतःच्या खात्यात दिसावे आणि तक्रार केंद्राच्या पडद्यावरही दिसावे. ज्यांना स्वतःचा फोन किंवा एक्स्चेंज वापरायचे आहे, त्यांना सिपचा आयडी आणि पासवर्ड मागितल्यावर मिळावा. आणि डब्याबरोबर बॅटरीचा पर्याय, किमतीसह, जोडणी देतानाच लेखी सांगितला जावा. घरची लाईट गेल्यावर हा फोन चालणार नाही, ही गोष्ट तांब्यावरून फायबरवर नेताना मी पाहिलेल्या ग्राहकांपैकी बहुतेकांना कुणीही सांगितली नव्हती. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण वरकड बिघाड अधूनमधून होतात, हा मात्र लाईट जाईल तेव्हा हमखास होतो.

खर्च वाढेल असे कंपन्या म्हणतील. बॅटरीचा वाढेल, थोडा. बाकीच्या बहुतेक गोष्टींची माहिती आणि यंत्रणा त्यांच्या सर्व्हरवर आज आहे, ती फक्त ग्राहकाच्या बाजूने वापरायची आहे.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर सांगली-साताऱ्याच्या वाचकांनी एवढे करावे. आठवड्यातून एकदा तरी मोबाइलवरून स्वतःच्या लँडलाइनला फोन करून बघा, घंटा वाजते का. लाईट जाऊन आली की पुन्हा बघा. घंटा वाजत नसेल, तर डबा बंद करून दोन-तीन मिनिटे थांबा, मग चालू करा. तरीही फोन आला नाही तर तक्रार करताना ‘फोन बंद आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘नेट चालू आहे, फोनची नोंदणी गेली आहे, तक्रार आवाजसेवेची लिहून घ्या,’ असे सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तो क्रमांक देणे २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. काम न होताच तक्रार बंद झाली, तर त्याच क्रमांकावर अपील करा. तिथेही कुणी ऐकले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

अध्यक्ष महोदय, कुठलाही विनियम करण्याआधी आपण सल्लामसलतीचे टिपण काढता आणि लोकांची मते मागवता. या विषयावर तसे टिपण काढावे, ते मराठीतही काढावे, आणि कृष्णा-कोयनेला पुढचा पूर येण्याआधी काढावे, ही आपल्याला कळकळीची विनंती.

आपला,
सांगली-सातारा भागातील एक फोन व नेटवर्क तंत्रज्ञ